ती आमच्यातलीच



चेटकीण ठरवून बायकांना मारलं गेलं त्या काळावर ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्यांत बायकांची मैत्री कशी येते, असा विषय मला दिला गेला. विषय वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे परदेशातलं जुनं पुराण आपल्या शिबिरात कशाला? मग आईची आठवण झाली. म्हणून आधी तेवढं सांगते, नंतर पुस्तकाकडे वळू.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या आळीत एक विधवा काकू राहायच्या. आईची आणि त्यांची घट्ट मैत्री. पापड लाटणं असो, गोधडीला टाके घालणं असो, दोघी एका ठिकाणी. आमच्याकडे घुसळण झाली की ताकाचा गडवा त्यांच्याकडे जायचा आणि तो नेण्याचं काम माझं. एका पावसाळ्यात आळीत लागोपाठ दोन तान्ही मुलं दगावली. काकू करणी करतात, असं कुणीतरी बोललं. कोण बोललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. चार दिवसांनी मी गडवा उचलला, तर आईनं हातातून काढून घेतला. पुढच्या दिवाळीच्या आत काकू भावाकडे निघून गेल्या, त्या कायमच्या.

बऱ्याच वर्षांनी, मी चळवळीत आल्यावर, मोठ्या तोऱ्यात आईला जाब विचारला. ती म्हणाली, "दारात चार लेकरं होती माझी. मला कुणी विचारलं असतं, तर आमचं काही येणंजाणं नव्हतं म्हणूनच सांगितलं असतं मी." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

आता सेलमकडे जाऊ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं हे गाव. १६९२ साली तिथे दीडशेच्या वर माणसं चेटकाच्या आरोपाखाली तुरुंगात घातली गेली. एकोणीस जणांना फाशी दिलं, त्यांत चौदा बाया. एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. काही कोठडीतच मेली. एक लक्षात घ्या, पकडून आणलेल्या बाईला नुसतं "तू चेटकीण आहेस का?" एवढंच विचारत नसत. "तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?" हा प्रश्न हटकून असायचा. म्हणजे बाई कुणाकडे बसते, कुणाशी बोलते, कुणाच्या दुखण्याखुपण्यात धावून जाते, हे सगळं पुराव्यात जमा. दोन बायका एकत्र बसल्या की कारस्थान! आपली मंडळं सुरू झाली तेव्हा आपल्याला काय काय ऐकावं लागलं, ते आठवून पाहा.

रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची, आजारानं खंगलेली, कानानं अधू झालेली बाई. देवभोळी म्हणून गावात मान होता तिला. तिच्या बाजूनं एकोणचाळीस शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या. त्यांत बायकाही होत्या, आणि ज्या पुटनम घराण्यातून आरोप आले त्याच घराण्यातले काहीजणही होते. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं. पंचांनी रिबेकाला निर्दोष ठरवलंसुद्धा. तेवढ्यात न्यायाधीशांनी पंचांचं लक्ष तिच्या एका वाक्याकडे वेधलं. सुनावणीत डेलिव्हरन्स हॉब्स नावाच्या बाईला तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं, तेव्हा रिबेका बोलून गेली होती, हिला कशाला आणता, ही तर आमच्यातलीच. हॉब्सनं चेटकीण असल्याची कबुली आधीच दिलेली होती. मग 'आमच्यातली' म्हणजे चेटकिणींतलीच, असा अर्थ लावला गेला. काय म्हणायचं होतं, असं रिबेकाला विचारलं, तर तिला प्रश्न ऐकूच आला नाही. ती गप्प राहिली. पंच पुन्हा आत गेले आणि दोषी ठरवून बाहेर आले. तिनं मागाहून लिहून कळवलं की आमच्यातली म्हणजे आमच्यासारखीच कैदी, एवढंच मला म्हणायचं होतं. उपयोग झाला नाही. १९ जुलै १६९२ ला तिला फाशी दिलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. 'आमच्यातलीच' म्हटल्याबद्दल एक बाई फासावर गेली. आणि तेवढंच म्हणायचं धैर्य माझ्या आईला झालं नव्हतं. मी आईला दोष देत होते तो कुठल्या तोंडानं?

दस्तऐवजांत मैत्री सापडते ती अशी, आरोपाच्या किंवा अर्जाच्या रूपात. रात्री कोठडीत बायका एकमेकींशी काय बोलल्या, कुणी कुणाच्या पायातल्या बेडीखाली चिंधी सरकवली, हे कारकुनानं लिहून ठेवलेलं नाही. ते लिहायला कादंबरी लागते. पण कादंबरी-नाटकं सगळी आपल्या बाजूची असतात असंही नाही. आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' हे १९५३ चं नाटक जगभर गाजलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट म्हणून माणसांच्या मागे लागणं चाललं होतं, त्यावर ते बोट ठेवतं आणि तेवढ्यापुरतं ते थोर आहेच. पण मिलरनं केलं काय? अ‍ॅबिगेल विल्यम्स ही खरी अकरा-बारा वर्षांची पोर. तिला त्यानं सतरा वर्षांची केली आणि साठीच्या घरातल्या जॉन प्रॉक्टरला तरुण करून दोघांचं प्रकरण जुळवलं. म्हणजे सगळ्या हत्याकांडाच्या मुळाशी काय, तर एका पुरुषावरून दोन बायकांचा मत्सर! जमिनीची भांडणं, धर्मगुरूच्या पगारावरून पडलेले तट, सरहद्दीवरच्या लढायांची भीती हे सगळं मागच्या पडद्यावर, आणि पुढे सवतीमत्सर.

म्हणून मला मारीझ कोंदेची कादंबरी महत्त्वाची वाटते. कोंदे मूळची ग्वादलूप बेटावरची, कृष्णवर्णीय, फ्रेंचमधून लिहिणारी. २०२४ साली ती गेली. तितुबावरची तिची कादंबरी १९८६ साली आली, १९९२ ला इंग्रजीत झाली, आणि त्या भाषांतराला अँजेला डेव्हिसची प्रस्तावना आहे.

तितुबा ही धर्मगुरू सॅम्युएल पॅरिसच्या घरातली गुलाम. सेलममध्ये पहिली कबुली तिची, १ मार्च १६९२ ची. मालकानं मारहाण करून आपल्याकडून ती वदवून घेतली, असं तिनं नंतर सांगितल्याची नोंद आहे. तिनं साराह गुड आणि साराह ऑस्बर्न यांची नावं घेतली. ऑस्बर्न मे महिन्यात तुरुंगात मेली, गुडला रिबेकाबरोबर त्याच दिवशी फाशी झाली. म्हणजे आपली ही नायिका दुसऱ्या बायकांची नावं घेऊन वाचलेली आहे. हे आपण झाकून ठेवायचं नाही.

आणखी एक गोष्ट. आजारी मुलींना कुणी पछाडलं हे ओळखण्यासाठी त्यांच्या लघवीत राय या धान्याचं पीठ कालवून भाकरी भाजायची आणि ती कुत्र्याला घालायची, हा तोडगा सुचवला मेरी सिब्ली या शेजारच्या गोऱ्या बाईनं. भाजायला लावली पॅरिसच्या घरातल्या गुलामांना. सिब्लीनं चर्चमध्ये चूक कबूल केली, तिचं तेवढ्यावर भागलं. तितुबा वर्षाहून जास्त काळ कोठडीत. दोघी बायकाच. पण एकीला माफी आणि एकीला बेडी, हे कसं ठरतं ते आपल्याकडच्या मालकीणबाई आणि मोलकरीण यांच्याकडे पाहिलं की कळतं. कोंदेच्या कादंबरीत पॅरिसची बायको एलिझाबेथ आणि तितुबा यांच्यात खरोखरची जवळीक आहे, दोघींनाही त्याच माणसाची दहशत. पण संकट आलं तेव्हा ती जवळीक तितुबाच्या कामी येत नाही. मला हा भाग सगळ्यात खरा वाटला.

मग तुरुंगात तिला हेस्टर भेटते. ही हेस्टर इतिहासातली नाही. हॉथॉर्नच्या १८५० सालच्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीतली, व्यभिचाराची खूण छातीवर वागवणारी बाई कोंदेनं सरळ उचलून तितुबाच्या कोठडीत आणून बसवली. केवढा खट्याळपणा! जबानीत काय बोलायचं, न्यायाधीशांना काय ऐकायचं असतं, हे हेस्टर तितुबाकडून घोकून घेते. स्त्रीवादावरून तिची थट्टाही करते, सतराव्या शतकात! यात विडंबन आहे, असं कोंदेनं स्वतःच पुढे सांगितलं. असेना का. ती पानं वाचताना मी हसले आणि रडलेही. कारण ही मैत्री वाचवत कुणालाच नाही. हेस्टर पोटात मूल असताना कोठडीतच जीव देते. तितुबानं ती आठवण जन्मभर जपली, एवढंच.

खऱ्या तितुबाचं काय झालं? कैद्याला तुरुंगातलं खाणंपिणंही स्वतःच्या पैशानं भरावं लागे. ते भरून कुणीतरी तिला विकत घेतलं. त्यानंतर कागदांत तिचा पत्ता नाही.

आपल्याकडे सातपुड्यात बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण होते, हे इथल्या किती जणींना सांगायला नको. २०१३ साली डॉ. दाभोलकरांची हत्या झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा एकदाचा झाला. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं त्यात गुन्हा आहे. पण फिर्याद द्यायला त्या बाईबरोबर चौकीपर्यंत चालत कोण जाणार? रिबेकासाठीच्या एकोणचाळीस सह्या मला तिथे आठवतात. त्यांनी ती वाचली नाही. सह्या मात्र झाल्या.

काकूंचा पत्ता मी मध्यंतरी शोधला. त्या कधीच वारल्या होत्या. त्यांच्या भाचीला मी कोण ते सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्या तुमच्या आईचं नाव काढायची. ताक फार गोड असायचं म्हणायची." हे मी आईला सांगितलं नाही. अजून सांगायचंय.

तितुबा आणि हेस्टरच्या कोठडीची पानं मी इंग्रजीवरून मराठीत केली आहेत. भाषांतर ओबडधोबड आहे, तुम्ही दुरुस्त करा. चहा झाला की दोघी-दोघींनी मिळून मोठ्यानं वाचू.