हंडा रिकामा राहू नये म्हणून

(दिंडीच्या शतकमहोत्सवी समारोपात, काल्याच्या कीर्तनानंतर केलेले भाषण)

काला झाला, प्रसाद झाला, आता खरं म्हणजे उठायची वेळ. पण विश्वस्त मंडळी म्हणाली, "बुवा, पाण्याचं जे काम झालं ते चार शब्दांत सांगा, पुस्तकात छापायचं आहे." म्हणून उभे राहिलो. आमचं शिक्षण चौथी. बोलण्यात काही चुकलं तर लेकरू समजून पदरात घ्यावं.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत वाहनं बदलली, तंबू बदलले, पखालीच्या जागी टँकर आला. एक गोष्ट मात्र बदलली नाही. डोईवर तुळस घेतलेली माउली आणि तिच्या शेजारी पाण्याचा हंडा घेतलेली माउली. आमच्या आजीनं तो हंडा वाहिला, आईनं वाहिला. चालताना कुणाचा घसा कोरडा पडला की हंडा खाली यायचा. घेणाऱ्याची जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं, वीणा ज्याच्या गळ्यात तो मोठा. आता वय झाल्यावर कळतं की त्या हंड्याचा मान वीणेपेक्षा कमी नाही.

आपल्या संप्रदायात पाण्याला किती किंमत आहे बघा. पैठणला नाथांच्या घरी देवानं श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं. तो रांजण भक्त मंडळी आजही भरतात. दुसरी कथा तर आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली. काशीहून आणलेली कावड रामेश्वराला चालली होती, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, नाथांनी ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. ही कथा सांगताना श्रोत्यांच्या डोळ्याला पाणी यायचं, आमच्याही यायचं. पण मायबाप हो, सांगणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. ते आमच्या अंगावर कसं आलं ते आज सांगायचं आहे.

आपलं गाव जिरायत. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पोरसवदा होतो, सुकडी खाऊन बंधाऱ्याच्या कामावर माती वाहिली. त्या दुष्काळातसुद्धा ओढ्याकाठची गावविहीर आटली नव्हती, असं जुनी माणसं सांगतात. आणि अलीकडं काय व्हायला लागलं? फाल्गुन सरला की विहिरीत तळ दिसायचा. चैत्रात टँकर. टँकर आला की बायकांची पळापळ, भांडणं, आणि त्याच बायका आषाढात दिंडीत हंडा घेऊन चालणार!

केंद्राची जलजीवन योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं घरात द्यायचं. आपल्याही गावात टाकी उभी राहिली, पाइप पुरले. पुढं काम अडलं. ठेकेदार म्हणे बिल निघालं नाही, कार्यालय म्हणे निधी आला नाही. खालच्या वस्तीपर्यंत पाइप गेलाच नाही. टाकीला रंग दिलेला, आत पाणी नाही.

त्याच वर्षी दिंडीची बैठक झाली. शताब्दी जवळ आली होती. ठरलं काय, तर आमदारसाहेबांकडं जायचं आणि मंदिरापुढं मोठा सभामंडप मागायचा. निवेदन लिहून तयार होतं, पहिली सही आमची. तेव्हा मागं बसलेली एक माउली उठली. वय सत्तरच्या पुढं, चाळीस वर्षं हंडा वाहिलेली. ती म्हणाली, "बुवा, मंडपात बसून आम्ही काय पिणार?" बैठक गप्प झाली. काही मंडळी रागावली. मंडप हे देवाचं काम, पाणी हे ग्रामपंचायतीचं काम, दोन्हीची सरमिसळ कशाला, असंही बोलली. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत मंडपाचं निवेदन फाडलं आणि पाण्याचं लिहायला घेतलं.

आम्ही सातजण गेलो. आमदारसाहेबांनी बसवलं, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "गावची पाणीपट्टी किती वसूल आहे?" सरपंच खाली बघायला लागले. निम्मीसुद्धा नव्हती. आणि सांगायला लाज वाटते, थकलेल्यांत आमचं नाव होतं. तीन वर्षांची पट्टी. साहेब म्हणाले, "महाराज, मी सभागृहात भांडतो. पण समोरून हाच प्रश्न आला तर काय सांगू?" आम्ही चहा तसाच ठेवून उठलो.

परत येऊन ग्रामसभा घेतली. वारीला निघताना आपण दिंडीची भिशी भरतो, ती कुणी बुडवत नाही. मग ठरवलं की भिशी घेताना पाणीपट्टीची पावती बघायची. अडवायचं कुणाला नाही, फक्त विचारायचं. पहिली पावती आम्ही दाखवली, मागच्या बाकीसकट. आषाढापर्यंत बहुतेक घरांची बाकी आली. दुसरं म्हणजे, वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीला येतात, त्यातला ठरावीक वाटा पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगात तो शंभरातला साठ होता, तीस पाण्याला, तीस स्वच्छतेला. हे आम्हाला साठी उलटल्यावर कळलं. हिशेब मागितला, ग्रामसेवकांनी वाचून दाखवला. त्यातून मोटारीचं थकलेलं लाइटबिल आणि टीसीएल पावडरीची सोय झाली.

आता मुख्य गोष्ट. गावातला एक पोरगा वकिली शिकतो. निवेदनासाठी त्यानं कायदा वाचून दाखवला. १९९३ साली आपल्या विधिमंडळानं कायदा केला की गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर, बोर घ्यायचा नाही. पुढं २००९ चा भूजलाचा मोठा कायदा आला, त्यातही पिण्याच्या उद्भवांचं रक्षण आहे. आम्ही म्हणालो, छान, हे घाल निवेदनात, बोर पाडणाऱ्यांवर कारवाई करा म्हणावं. पोरगा हळूच म्हणाला, "आजोबा, तुमचा बोर किती लांब आहे?"

माउली हो, साडेतीनशे पावलं! दोन एकर डाळिंबाला रात्रंदिवस पाणी चालू होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. घरच्या मंडळी म्हणाल्या, "लोकाला नाथांचं गाढव सांगता, अन् आपण गावाच्या तोंडचं पाणी ओढता." पोरगा बोलला नाही दोन दिवस, कर्ज त्याच्या नावावर होतं. त्याचंही चुकीचं नव्हतं. शेवटी एक एकर डाळिंब काढलं, तिथं ज्वारी-हरभरा करतो. माघापासून पहिला पाऊस पडेस्तोवर बोर बंद. मग बाकीच्यांच्या दारी गेलो. पाचांपैकी तिघांनी ऐकलं, दोघांनी नाही ऐकलं. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही, आम्हीही कालपर्यंत तिथंच उभे होतो. पुढच्या वर्षी गावविहिरीला वैशाख संपेस्तोवर पाणी राहिलं.

मग पुन्हा आमदारसाहेबांकडं गेलो, आता मान वर करून. मागण्या तीनच. गावविहिरीभोवती मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. खालच्या वस्तीच्या पाइपाचे पैसे द्या. आणि योजना चालवायला, म्हणजे वीज, दुरुस्ती, पाणी तपासणी याला दरवर्षी तरतूद करा. सोबत ग्रामसभेचा ठराव, वसुलीचा दाखला आणि प्रत्येक कागदाची पोच. हिवाळी अधिवेशनाला नागपूरलाही चौघे जाऊन आलो. साहेबांनी प्रश्न लावला, लेखी उत्तर आलं. दगड रोवले. मोटारीला सौर पॅनेल मंजूर झालं. पाइपाचे पैसे अजून आलेले नाहीत, ते खोटं सांगणार नाही. दर महिन्याला आमचं पत्र जातं. वारी एका वर्षात संपत नाही, तसंच हे.

या फेऱ्यांत एक गोष्ट शिकलो. सरकारकडं बांधायला पैसे मागितले तर लवकर मिळतात, नारळ फोडता येतो. चालवायला मागितले तर मिळत नाहीत, त्याचा फोटो निघत नाही. म्हणून आपणच ते मागायला शिकलं पाहिजे.

आणि हे आपल्या गावापुरतं नाही. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळामुठाही भीमेलाच. ते सगळं उजनीत आणि पुढं पंढरीला. तिथं आपण चंद्रभागा म्हणून तीर्थ घेतो. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. इंद्रायणीवर फेस आपण डोळ्यांनी बघतो. २०१६ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं नमामि चंद्रभागा जाहीर केलं. आनंद झाला. आता विचारायचं हे की सांडपाण्याची केंद्रं बांधली तितकी रोज चालतात का, आणि चालवायला दरवर्षी पैसा ठेवलाय का. वाटेवरच्या प्रत्येक दिंडीनं आपापल्या आमदाराला हा एक प्रश्न विचारला, तर तो सभागृहात पोचायला वेळ लागणार नाही. रागानं विचारायचं नाही, पक्ष बघून विचारायचं नाही. आपली पट्टी भरून, आपला बोर बघून, मग विचारायचं.

आमच्याच्यानं आता फार वाऱ्या होतील असं वाटत नाही. तरण्या पोरांना एवढंच मागणं. वीणा सांभाळाल, ती आमची खात्री आहे. दिंडीच्या दप्तरात एक पाण्याची वही घातली आहे, तीही सांभाळा. मोजणी, पट्टी, पोच, सगळं तिच्यात आहे. मंडप पुढच्या शंभर वर्षांत कधीतरी होईल. त्यात बसणाऱ्या माउलीचा हंडा भरलेला असावा.

बोलण्यात कुणाचं मन दुखलं असेल तर क्षमा असावी. राम कृष्ण हरी!