आधी घर पाहा, मग खताची पद्धत



मागच्या वर्षी आमच्या गटाने कर्ज काढून गांडूळ खताचा बेड आणला. शेजारच्या गावात चांगला चालला होता, म्हणून आम्हीही आणला. पण आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी खारट, गोडं पाणी नळाला येईल तेव्हा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला. आम्ही बोअरचंच पाणी शिंपडलं. गांडुळं मेली, हप्ते तेवढे जिवंत राहिले. गटातल्या एक मावशी आधीच म्हणाल्या होत्या, "आपल्याले प्याले पानी नाई, गांडुयाइले कोठून आनू?" आम्ही ऐकलं नाही.

म्हणून आता चार गोष्टी आधी विचारतो. शेण किती? गोडं पाणी किती? सावली आहे का? आणि रोजचं काम कोण करणार?

गोडं पाणी, सावली आणि दोन-तीन जनावरं असतील, तर गांडूळ खत करा. ताजं शेण टाकू नका, त्याच्या उष्णतेने गांडुळं मरतात. पंधरा-वीस दिवस मुरलेलं घ्या.

शेण कमी आणि काडीकचरा भरपूर असेल, तर नाडेप. ही पद्धत आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. नावही त्यांच्यावरूनच पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं, हवेसाठी भिंतीत भोकं ठेवायची. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त ९० ते १०० किलो. काडीकचरा, शेणाचं पाणी, चाळलेली माती असे थर द्यायचे आणि वरून शेणामातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. भरताना मात्र दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. म्हणून सोयाबीन निघाल्यावर भरा. जनावरांनी खाऊन उरलेलं कुटार असतं, शेततळ्यातही पाणी असतं. पऱ्हाटी, तुराट्या बारीक करूनच टाका, नाहीतर लवकर कुजत नाहीत.

टाकं बांधायला पैसा नसेल, तर उकिरडाच सुधारा. प्लास्टिक, काच वेचून काढा, ढीग ओला ठेवा, महिन्याने खालवर करा, वरून झाका. उघड्या उकिरड्याचं सत्त्व ऊन-पावसातच जातं.

यंदा आम्ही नाडेप भरलं. बेडचे चार हप्ते अजून बाकी आहेत, पण खत निघालं आणि परसबागेत पडलं.

पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा. कर्जाचा ठराव त्यानंतर.