पत्ता: तालुका सौंसर



नागपूरच्या मेडिकलमध्ये सकाळी केस पेपरच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की गावांची नावं कानावर पडत राहतात. काटोल, उमरेड, कळमेश्वर. आणि त्याच ओघात लोधीखेडा, मोहगाव, सौंसर, पांढुर्णा. खिडकीतला माणूस मान वर न करता टाइप करत असतो. मध्येच "राज्य?" असं विचारतो, कारण संगणक तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. रांगेतली बाई कडेवरचं पोर सावरत म्हणते, "मध्य प्रदेश. पण जवळच हाय जी."

तिचं बरोबर आहे. मेडिकल म्हणजे नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. ते १९४७ साली सुरू झालं, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती आणि सौंसर त्याच प्रांतात होतं. म्हणजे मेडिकल बांधलं गेलं ते या बाईच्या आजीसाठीसुद्धा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या मराठी सौंसर-पांढुर्ण्यासकट, मध्य प्रदेशात राहिला. शाळांची पुस्तकं बदलली, कचेरीची भाषा बदलली, मंत्र्यांचं गाव बदललं. आजारी माणसाची वाट तीच राहिली. छिंदवाड्याला जायचं तर सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. नागपूरचा रस्ता सपाट. छिंदवाड्यात २०१९मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झालं, ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. तरीही तापानं फणफणलेलं पोर घेऊन रात्री निघालेली जीप बहुधा दक्षिणेकडेच वळते.

माझा आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर जरा भारदस्त दिसतो: विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रशाळेनं भागीदारी कशी उभारावी. मी सार्वजनिक आरोग्यच शिकवणारा माणूस. विद्यार्थी त्याला पीएसएम म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचतात. अशा प्रशाळांमध्ये हल्ली भागीदारी पाहायला स्वतंत्र अधिकारी नेमतात. सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो, बातमी येते. पुढच्या वर्षी त्या कराराचं काय झालं म्हणून विचारलं तर फाइल शोधायला शिपाई पाठवावा लागतो. मी स्वतः अशा फोटोंत पुष्कळदा उभा राहिलो आहे, तेव्हा हे टीकेपेक्षा अनुभवानं बोलतो.

तसं पाहिलं तर या प्रशाळांचा जन्मच भागीदारीतून झाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली अशी प्रशाळा निघाली ती रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून. कलकत्त्यात १९३२ साली आरोग्यविज्ञानाची अखिल भारतीय संस्था उघडली, तिच्यामागेही तेच फाउंडेशन होतं. पैसा आला, इमारती आल्या, पण पैसा देणारा बहुतेक वेळा रोगही निवडून देतो आणि मुदतही ठरवून देतो. मुदत संपली की प्रकल्पाची गाडी आवारात उभी राहते आणि तिच्या टायरांतली हवा जाते. कुठल्याही जिल्ह्याच्या दवाखान्यामागे असली एखादी गाडी सापडेल.

याला आपल्या बाजूचा उतारा सापडतो तो सेवाग्रामला. डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या सहवासात घडलेल्या, जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलेल्या, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या. १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथल्या समाजवैद्यक विभागातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक आरोग्य प्रशाळेला आज त्यांचंच नाव आहे. प्रत्येक नवी तुकडी पहिल्याच वर्षी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, आणि मुलांच्या वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. मुंबईतून आलेल्या मुलाला त्या घरी पहिल्या दिवशी काय बोलावं ते सुचत नाही. शेवटी म्हातारीच विचारते, "जेवला का रे बाबू?" आणि शिक्षण सुरू होतं.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती तिथली ज्वारीची योजना. सुगीत घरटी ज्वारी द्यायची, शेतवाल्यानं जास्त, भूमिहीनानं कमी, आणि त्या बदल्यात महाविद्यालयाच्या कस्तुरबा रुग्णालयात सवलत घ्यायची. आरोग्य विमा हा शब्द खेड्यात कुणी ऐकला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पायलीनं धान्य मोजून देणारा माणूस दवाखान्यात याचक म्हणून येत नाही. तो दार लोटून आत येतो आणि डॉक्टर उशिरा आला तर तसं बोलूनही दाखवतो. पुढे याच विभागानं आगाखान फाउंडेशनसारख्या मोठ्या संस्थांबरोबर बालआरोग्याचं काम केलं, तेही गावसमित्यांच्या हाती कारभार देऊन. मोठ्या भागीदाराबरोबर बसताना आधीचा छोटा भागीदार उठवून लावला नाही, हे मी फार मानतो.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं, आणि त्याचा धागा थेट पांढुर्ण्यापर्यंत येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून १९८६मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. ३९ गावांत त्यांनी थोडंफार शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन, ताप, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ला 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला. २०११मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत आशांमार्फत, म्हणजे गावोगावच्या आरोग्यस्वयंसेविकांमार्फत, देशभर नेली. आज पांढुर्णा तालुक्यातली आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी झोळीचा काटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जाते ते यातूनच. बाळाला झोळीत घालून काटा वर उचलला की घरातले सगळे गप्प होतात, आजी मात्र "नजर लागीन" म्हणून तेवढ्यात काजळाचं बोट लावून घेते. त्या आशेला गडचिरोली कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. भागीदारी फळली की ती अशी बिननावाची होते. ज्यांना नाव हवं असतं त्यांची पंचाईत होते.

आता सीमेकडे येतो. सप्टेंबर २०२५मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत यायला लागली. साधी सर्दी-खोकला-ताप, खोकल्याचं औषध, आणि मग लघवी बंद. आधी मेंदूज्वराचा संशय आला. पाणी, डास, उंदीर सगळं तपासलं गेलं. मूत्रपिंडाचे नमुने पाहिल्यावर विषबाधेची शंका पक्की होत गेली. 'कोल्ड्रिफ' या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्यावर बंदी आली. वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक छिंदवाड्याची; बैतूल आणि पांढुर्णा या शेजारच्या जिल्ह्यांनाही झळ लागली. याच विषानं १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता, हे आमच्या विद्यार्थ्यांना प्रश्नोत्तरात येतं.

दोष कुणाचा हे ठरवायला तपासयंत्रणा आहेत. मला त्यातली मांडणी दाखवायची आहे. मुलांची घरं मध्य प्रदेशात, खाटा महाराष्ट्रात, औषधाचा कारखाना तामिळनाडूत. घरच्या फडताळात अर्धी राहिलेली बाटली एका राज्यात आणि बंद पडलेलं मूत्रपिंड दुसऱ्या राज्यात. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला शेजारच्या खाटेवरचं मूलही परासियाचंच आहे हे दिसतं. गावातल्या आरोग्यसेविकेला कुठल्या घरी कुठलं औषध आलं हे ठाऊक असतं. दोघांची एकमेकांशी ओळख नसते. रोगसर्वेक्षणाची सरकारी व्यवस्था २००४पासून आहे, आता संगणकावर आहे, परराज्यातल्या रुग्णाची खबर तिकडे कळवायची सोयही आहे. पण संशयाच्या पहिल्या आठवड्यात, नाव नसलेल्या आजारासाठी, माणूस माणसाला फोन करतो. नंबर पाठ असला तर.

माझ्या मते सौंसर-पांढुर्ण्याच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्याच्या प्रशाळेचं मुख्य काम हा फोन आहे. नागपूर, सेवाग्राम आणि छिंदवाडा ही तीन महाविद्यालयं आणि पांढुर्ण्याचं जिल्हा आरोग्य कार्यालय, यांच्यात दर सोमवारी एक यादी इकडून तिकडे गेली पाहिजे: कुठल्या गावचे किती रुग्ण, कशासाठी, सुटी कधी झाली. यादी पाठवणाऱ्याचं ते नेमून दिलेलं काम हवं, आणि तो बदलून गेला तर दुसऱ्याचं. सौंसर भागातली एक आशा मला म्हणाली होती, "सर, नागपूरचा कागद आमाले कोण दाखोते? पेशंट घरी आला का समजते, नाहीतर मयतीलेच समजते."

एका दिवसापुरतं हे सगळं जमतं, हेही सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दिवसभर दगड चालतात, शेकडो डोकी फुटतात. त्या दिवशी तात्पुरते दवाखाने, रुग्णवाहिका, टाके घालणारी पथकं, पोलीस, महसूल सगळे आपापल्या जागी असतात आणि गंभीर जखमीला कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं असतं. (दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयत्न प्रशासनानं करून पाहिला. लोकांनी मानला नाही. आरोग्यशिक्षणाच्या वर्गात मी हे हमखास सांगतो.)

रोजच्या कामाची सुरुवात कशानं करावी म्हणाल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. म्हणजे हा आपल्या पट्ट्यातला जुना पाहुणा. १ जुलै २०२३ला शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणी शाळेच्या व्हरांड्यातही होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणाच्या नळीत सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग नळी काळ्या रेघांच्या कार्डापुढे धरायची. रेघा दिसल्या तर मुलगी उड्या मारत वर्गात जाते. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पुढची तपासणी लागते, कारण ही मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, हे नळी सांगत नाही. ते सांगणारं यंत्र मोठ्या दवाखान्यात, आणि पुष्कळदा तो दवाखाना नागपूरचा.

रुग्ण निघाली तर हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षं घ्यायचं, अधूनमधून रक्त तपासायचं, सांधे ठणकायला लागले की वेळेत गाठायचं. गोळी पांढुर्ण्याला मिळणार, तपासणी नागपूरला, आणि दुखणं रात्री दोनला वाडीवर. वाहक निघाली तर औषध काही नाही. एवढंच कळलं पाहिजे की दोन वाहकांच्या घरी प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. आता सोयरिकींचं पाहा. सौंसरची मुलगी सावनेरला देतात, पांढुर्ण्याचा मुलगा वरुड-नरखेडची मुलगी करून आणतो. एकाचं कार्ड मध्य प्रदेशचं, दुसऱ्याचं महाराष्ट्राचं, आणि दोन्ही याद्यांची गाठ कुणी घातलेली नाही. लग्नं इथे तुळशीच्या लग्नानंतर लागायला सुरुवात होते, बोलणी त्याच्याही आधी. शाळेच्या व्हरांड्यात पावसाळ्यात घेतलेल्या रक्ताचा निकाल, कुठल्याही राज्याच्या प्रयोगशाळेतून निघालेला असो, दिवाळीच्या आत त्या मुलीच्या घरी पोचला पाहिजे, आणि घरातल्या मोठ्यांसमोर तो समजावून सांगायला आशेबरोबर कुणीतरी जाणतं बसलेलं असलं पाहिजे. येत्या वर्षाचा करार करायचाच असेल, तर मी त्यात एवढंच कलम घालीन.