आरोळी आणि कायदा

कुलाबा जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. परंतु त्यांतील पेण आणि रोहें या गांवांची ओळख त्याहून पुष्कळच जुनी आहे. तेथील माणसांनीं हीं नांवें आपल्या आडनांवांत जपलीं. पेणकर किंवा रोहेकर हें आडनांव कानीं पडलें म्हणजे कोंकणांतील एखादा हिंदु गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु हीं आडनांवें बेने इस्राएल समाजांतही आहेत. हा यहुदी समाज शतकानुशतकें या किनाऱ्यावर राहिला, मराठी बोलला आणि तेलाचे घाणे चालवून पोट भरीत आला. शनिवारीं घाणा बंद ठेवावयाचा हा त्याचा नेम; म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले.

या नांवांत धर्म आहे, धंदा आहे आणि वेगळेपणाचा निर्देशही आहे. तरी ती शिवी नव्हे. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास ओळखावयाची ती एक खूण होती. पण असाच एखादा शब्द शेंकडों लोकांच्या घोळक्यानें, खिजविण्याच्या इराद्यानें, कोणाच्या तोंडावर फेकला तर? अक्षरें तींच राहतील, पण शब्द तो राहणार नाहीं. खेळाच्या मैदानावर धर्माच्या नांवानें ज्या आरोळ्या उठतात, त्यांच्याविषयीं विचार करतांना हा भेद प्रथम ध्यानांत घ्यावयास पाहिजे.

पेण-रोह्याकडील तीन शेजारी पोटासाठीं मुंबईस आले आहेत अशी कल्पना करावी. एक हिंदु, एक मुसलमान आणि एक बेने इस्राएल. तिघांची बोली एक, आवडीची मासळी एक, गांवाकडची वाटही एकच. सुमारें १९४३ च्या हिंवाळ्यांत हे तिघे ब्रेबोर्न स्टेडियमवर क्रिकेटचे पंचरंगी सामने पाहावयास निघाले, तर दारांत शिरण्यापूर्वींच ते तीन पक्षांचे झालेले असत. या सामन्यांचा आरंभ १८९२ सालीं युरोपियन आणि पारशी यांच्या वार्षिक सामन्यानें झाला. १९०७ मध्यें हिंदु आले, १९१२ मध्यें मुसलमान आले, आणि १९३७ मध्यें पांचवा संघ आला. त्याचें इंग्रजी नांव 'दि रेस्ट', म्हणजे 'उरलेले'! हिंदी ख्रिस्ती, यहुदी वगैरे सर्व त्यांत. ज्याच्या घराण्यानें गांवाचें नांव आडनांव म्हणून धारण केलें, तो मुंबईच्या मैदानावर 'उरलेला' ठरला.

त्याच १९३७ सालीं हिंदु संघ सामन्यांत उतरला नाहीं. कारण खेळाचें नव्हतें, खुर्च्यांचें होतें. नव्या स्टेडियममधील जागांची वांटणी त्यांच्या जिमखान्यास मान्य नव्हती. प्रेक्षकांच्या बैठकीच धर्मवार वांटावयाच्या, आणि मग त्या बैठकींतून धर्माची आरोळी उठली म्हणून आश्चर्य करावयाचें, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे. शिवाय धर्माचें हें लेबल आपल्या माणसांसही पुरें पडत नसे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेणारे बाळू पाळवणकर चांभार कुळांतले होते. हिंदु संघाचे नायक म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळाला.

डिसेंबर १९४० मध्यें हिंदु जिमखान्याचे लोक वर्ध्यास महात्मा गांधींच्या भेटीस गेले. धर्मावर आधारलेले संघ आपणांस समजूं शकत नाहींत, असें गांधीजींनीं त्यांस स्पष्ट सांगितलें. त्या वर्षीं हिंदु संघानें माघार घेतली. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांनींही या सामन्यांविरुद्ध सतत लिहिलें. सामने पुन्हां भरले, लोटही पुन्हां लोटले. पण १९४६ नंतर ते कायमचे बंद पडले. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ते कोणत्याही कलमानें बंद पडले नाहींत. लोकमतानें बंद पडले.

याचा अर्थ कलमें नव्हतीं असा नव्हे. दुसऱ्याच्या धर्मभावना दुखविण्याच्या हेतुपुरस्सर उद्देशानें, त्यास ऐकूं जाईल असा शब्द उच्चारणें, हा १८६० च्या दंडविधानाच्या २९८ व्या कलमानें गुन्हाच होता. जमाती-जमातींत वैर पेटविणाऱ्यांसाठीं १८९८ सालीं १५३-अ, आणि धर्माचा द्वेषबुद्धीनें अपमान करणाऱ्यांसाठीं १९२७ सालीं २९५-अ हें कलम आलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत यांच्या जागीं अनुक्रमें ३०२, १९६ आणि २९९ हीं कलमें आहेत. २९५-अ वैध ठरवितांना सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं सांगितलें कीं, अजाणतां किंवा निष्काळजीपणें झालेला अपमान या कलमांत येत नाहीं. सारांश, कायदा नुसता शब्द पाहत नाहीं. शब्दामागचें मन पाहतो. आणि हजारोंच्या आरोळींत एकेकाचें मन शोधणें किती अवघड!

फुटबॉलच्या देशांस ही अडचण चांगलीच जाणवली. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यानें मैदानावरील वंशद्वेषी घोषणा गुन्हा ठरल्या. पण त्या इतरांसह दिल्या तरच. एकट्यानें ओरडणारा १९९९ पर्यंत त्यांतून सुटे. लंडनच्या टॉटनहॅम क्लबास यहुदी पाठीराखे पुष्कळ. प्रतिपक्षाचे लोक त्यांस 'यिड' म्हणून हिणवीत. पुढें टॉटनहॅमच्याच लोकांनीं तो शब्द अभिमानानें उचलला. त्यांतील तिघांवर खटले भरले, आणि २०१४ मध्यें ते काढून घ्यावे लागले. कारण त्या प्रसंगीं तो शब्द शिवी होता असें सिद्ध करणें कठीण. अखेर २०२२ मध्यें क्लबानेंच आपल्या लोकांस तो शब्द सोडून द्या अशी विनंती केली. स्कॉटलंडमध्यें सेल्टिकचे कॅथलिक आणि रेंजर्सचे प्रॉटेस्टंट यांच्या पिढीजात तंट्यावर उपाय म्हणून २०१२ सालीं मुख्यतः फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठीं कायदा झाला. जें रस्त्यावर गुन्हा आहे तें मैदानावरही गुन्हाच आहे, मग प्रेक्षकांसच वेगळा फांस कां, हा आक्षेप बळावला आणि २०१८ मध्यें तो रद्द झाला.

म्हणून कायदा नको असें नाहीं. वैर पेटविणारास शिक्षा झालीच पाहिजे. पण कायद्यास मर्यादा आहे हें ओळखावें. डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यांत 'उरलेल्यां'च्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे या सांगलीच्या मराठी ख्रिस्ती तरुणानें काढल्या. सामना हिंदूंनीं जिंकला. चार वर्षांनीं, जानेवारी १९४८ मध्यें, त्याच हजाऱ्यांनीं ॲडिलेडच्या कसोटींत दोनही डावांत शतकें काढलीं, तेव्हां ते सर्व हिंदुस्थानचे झाले. खेळाडू तोच, बदलली होती ती प्रेक्षकांची बैठक.

ही बैठक आतां घरांत आहे. सुशिक्षित कुटुंब दिवाणखान्यांत सामना पाहतें. दुसऱ्या धर्माच्या खेळाडूचा झेल सुटतो आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक शब्द निघून जातो. ज्याच्याविषयीं तो उच्चारला तो तेथें नसतो, तो ऐकत नाहीं. म्हणून ३०२ वें कलम त्या खोलींत शिरत नाहीं. पण शेजारीं बसलेलें मूल तो ऐकतें, आणि पुढच्या रविवारीं मैदानावर जातांना बरोबर नेतें. तेथें तो शब्द गुन्हा ठरेल किंवा ठरणारही नाहीं. तो घरांतच थांबविणें मात्र कोणत्याही न्यायालयाच्या नव्हे, घरच्यांच्याच हातीं आहे.