शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी



व्याख्यानमालेतील भारदस्त विषयांच्या पंगतीत आमचा आजचा विषय जरा हलका वाटेल. आम्ही बोलणार आहोत कादंबरी वाचण्यातील मौजेविषयी, आणि तेही ज्या कादंबऱ्या वाचनालयातून घरी नेताना माणूस त्यांच्यावर दुसरे एखादे जाडजूड पुस्तक ठेवतो, त्यांच्याविषयी. रहस्यकथा घ्या, प्रणयकथा घ्या. ‘हल्ली काय वाचता?’ असे कोणी विचारले तर यांचे नाव चटकन तोंडावर येत नाही. तिसरा प्रकार आपल्याकडे कमी परिचयाचा, पण पाश्चात्त्य देशांत फार मोठ्या वाचकवर्गाचा: बायबलातील कथांभोवती रचलेल्या कादंबऱ्या. ‘बेन-हर’ हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो अशाच एका कादंबरीवरून निघाला.

हे तीन प्रकार एकत्र का घेतले, असे कोणी म्हणेल. तिकडे हे तिन्ही एकाच वाचकाच्या फळीवर शेजारी शेजारी असतात हे एक कारण. दुसरे असे की, तिघांवर आरोप एकच आहे. विद्वानांचे म्हणणे असे की, या गोष्टी माणूस केवळ ‘पुढे काय झाले’ एवढ्यासाठी वाचतो. शेवट कळला की पुस्तकाची किंमत संपली. हा आरोप खरा असेल तर आमच्यासारख्यांनी निमूटपणे घरी जावे. पण तो खरा नाही, असे आम्हांस वाटते, आणि त्याला साक्षीदार म्हणून आम्ही प्रत्यक्ष बायबललाच बोलावणार आहोत.

डोरोथी सेयर्स नावाची एक इंग्रज लेखिका होऊन गेली. लॉर्ड पीटर विम्झी हा तिचा गुप्तहेर. १९२८ साली तिने गुन्हे व रहस्य यांच्या कथांचा एक जाडा संग्रह काढला, आणि त्यात अगदी जुन्या नमुन्यांत दानिएलाच्या दोन कथा घातल्या. कॅथलिक पंथाच्या बायबलात त्या दानिएलाच्या पुस्तकाच्या शेवटी येतात. प्रॉटेस्टंट लोक त्या वेगळ्या ठेवतात. पहिली कथा सुसान्नेची. बाबिलोनात योवाकीम नावाच्या श्रीमंत यहुदी गृहस्थाची ही रूपवती बायको. दोन म्हातारे न्यायाधीश तिच्यावर पाप नजर ठेवतात, बागेत तिला एकटी गाठतात, आणि ती वश होत नाही म्हणून तिच्यावरच बालंट घेतात, की आम्ही हिला एका तरुणाबरोबर झाडाखाली पाहिले. न्यायाधीशांचाच शब्द! तिला मृत्यूची शिक्षा होते. तिला नेत असताना कोवळ्या वयाचा दानिएल ओरडून उठतो, दोघां म्हाताऱ्यांना एकमेकांपासून दूर उभे करतो आणि एकेकट्याला एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? एक म्हणतो रुमी मस्तकीच्या, दुसरा म्हणतो ओकच्या. संपला खटला! साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून उलटतपासणी करण्याची ही रीत आमच्या वकील मित्रांना मुद्दाम सांगायला नको.

दुसरी कथा बेल या दैवताची. त्याच्यापुढे रोज पीठ, मद्य आणि चाळीस मेंढरे नैवेद्याला ठेवीत, आणि सकाळी सगळे फस्त झालेले असे. कोरेश राजा दानिएलाला म्हणतो, देव जिवंत नसता तर इतके खाल्ले कोणी? दानिएल काही वाद घालीत नाही. रात्री राजाच्या देखत देवळाच्या जमिनीवर राख भुरभुरतो, आणि दाराला राजाची मोहर लागते. सकाळी मोहर शाबूत, ताटे रिकामी; आणि राखेत पुरुषांची, बायकांची, पोरांची पावले उमटलेली. सत्तर पुजारी आपापली कुटुंबे घेऊन चोरवाटेने येत आणि जेवून जात. शेरलॉक होम्स लंडनमध्ये भिंगातून पावलांचे ठसे पाहू लागला तो १८८७ नंतर. ही राख त्याच्याआधी दोन हजार वर्षांची.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. सुसान्ना निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. म्हातारे खोटे बोलत आहेत, हे लेखकाने लपवलेले नाही. म्हणजे ‘गुन्हेगार कोण’ हा प्रश्नच येथे नाही. तरीही दानिएल तो झाडाचा प्रश्न विचारतो तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो. पुढे १९१२ साली आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने आपल्या एका कथासंग्रहात ही रीत समजून-उमजून वापरली: गुन्हा आधी वाचकाच्या डोळ्यांदेखत घडवायचा आणि मग तपास दाखवायचा. वाचक त्यामुळे कंटाळले नाहीत. रहस्यकथेत आपण खुन्याचे नाव ऐकायला बसतो हे खरे, पण आपल्याला धरून ठेवते ती दुसरीच गोष्ट: खोटे बोलणाऱ्या बलवानापुढे एखादा साधा माणूस नुसत्या बुद्धीच्या जोरावर उभा राहतो ती. नाव तर शेवटच्या पानावर आहेच. उलटून पाहायला कोणी बंदी केली आहे? बहुतेक वाचक उलटून पाहत नाहीत, हेच पुरेसे आहे.

प्रणयकथेविषयी थोडक्यात बोलतो. तिथे तर शेवट मुखपृष्ठावरूनच कळतो. एलिझाबेथ बेनेटचे लग्न मिस्टर डार्सीशीच होणार, हे जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या त्या कादंबरीत पहिल्या नृत्याच्या रात्रीच चाणाक्ष वाचकाला उमगते, आणि तरी लोक ती दहा-दहा वेळा वाचतात. प्रणयकथेची थट्टा रहस्यकथेहून अधिक होते, आणि आमच्या मते तिचे कारण वाङ्मयीन मुळीच नाही. ती बायका वाचतात एवढेच आहे. बायबलातही ही कथा आहे. रूथ ही मवाबी स्त्री, म्हणजे परकी आणि विधवा. सासू नामी हिच्याबरोबर ती बेथलेहेमास येते, जवाच्या हंगामात मजुरांच्या मागे राहून सरवा वेचते, आणि शेताचा मालक बवाज तिला पाहतो. अडचण अशी की, तिच्याशी लग्न करण्याचा पहिला हक्क बवाजाहून जवळच्या एका आप्ताचा. त्याने वेशीपाशी, वडीलधाऱ्यांच्या समोर, पायातले पायताण काढून देऊन तो हक्क सोडला तेव्हाच हे लग्न झाले. अडथळा असा असावा! खलपुरुष नाही, कारस्थान नाही. साधा गावचा रिवाज आडवा येतो, आणि गावच्याच रिवाजाने दूर होतो. या जोडप्याचा पणतू म्हणजे दावीद राजा.

आता तिसरा प्रकार, आणि खरे बोलायचे ते याच्याविषयी. येथे शेवट वाचकाच्या आजीलाही ठाऊक असतो. येशूला क्रुसावर देणार, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडणार. कादंबरीकाराला यातले काही बदलता येत नाही. मग तो करतो काय? तो कडेला जाऊन उभा राहतो. बायबलातली कथा फार थोड्या शब्दांत सांगितलेली असते. कोणाचा चेहरा कसा होता, मनात काय चालले होते, हे क्वचित सांगतात. त्या न सांगितलेल्या जागांत कादंबरी शिरते.

लॉइड डग्लस या अमेरिकन धर्मोपदेशकाची ‘द रोब’ ही कादंबरी १९४२ सालची. योहानाच्या शुभवर्तमानात एवढेच आहे की, येशूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडण्याऐवजी शिपायांनी चिठ्ठ्या टाकून तो एकाला दिला. त्या एकाचे नाव नाही. डग्लसने त्याला मार्सेलस नावाचा रोमन अधिकारी केले. राजपुत्राचा अपमान केला म्हणून त्याची गाझाजवळच्या एका रुक्ष ठाण्यावर रवानगी होते, यरुशलेमात क्रुसाचे काम त्याच्याच गळ्यात पडते, आणि फाशांच्या खेळात तो अंगरखा जिंकतो. पुढे त्याचे मन ठिकाणावर राहत नाही. आणि येथे पाहा काय होते: तो तपासाला निघतो! घरी विणलेले कापड विकत घेण्याच्या निमित्ताने तो गालीलातील गावोगाव हिंडतो आणि त्या मेलेल्या माणसाला ओळखणाऱ्या एकेकाची जबानी घेतो. गुन्हा ठाऊक, गुन्हेगार तो स्वतःच, आणि तरी गुप्तहेरासारखा विचारीत फिरतो की, मी मारले तो होता तरी कोण? रोममध्ये डायना त्याची वाट पाहत असते. म्हणजे प्रणयकथाही आली. आम्ही तीन प्रकार वेगळे केले खरे, पण त्या कादंबरीत ते तिन्ही एकाच अंगरख्याच्या धाग्यांसारखे आहेत. कादंबरीचा उत्तरार्ध प्रवचनाकडे झुकतो, हे मात्र कबूल करायला हवे.

आपल्याकडे हा आनंद नवा नाही. गोव्यात साष्टीतील राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. रोमन लिपीत, पण मराठी ओवीत. जुन्या व नव्या कराराची कथा त्यांनी पुराणासारखी सांगितली, कारण ऐकणारा पुराण ऐकायला सरावलेला होता. पुराणाला बसणाऱ्या कोणाला रावण मरणार हे ठाऊक नव्हते? १९५९ सालची खांडेकरांची ‘ययाति’ घ्या, किंवा १९६७ सालची शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. रथाचे चाक जमिनीत रुतणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरी कर्ण स्वतः बोलू लागला, कुंती बोलू लागली, वृषाली बोलू लागली, आणि मराठी वाचकाने ती जाडी कादंबरी उशाशी घेतली. हीच भूक गालीलातल्या गोष्टींविषयी अमेरिकेतील किंवा पोलंडमधील वाचकाला असते.

पण येथे एक खरी अडचण आहे, तिला बगल देणे बरे नव्हे. एखाद्याची श्रद्धा ज्या कथेवर उभी आहे, तिच्यात कादंबरीकाराने आपली भर घालावी का? १९४१ च्या डिसेंबरात बी.बी.सी.ने सेयर्सबाईंची येशूच्या जीवनावरील श्रुतिकामाला सुरू केली. येशूचे शब्द एक नट बोलणार, आणि शिष्य साध्या बोलीत बोलणार, एवढ्यावरून इंग्लंडात गहजब झाला. फेब्रुवारीत सिंगापूर पडले तेव्हा ते या नाटकांमुळेच पडले, असे म्हणणारेही निघाले! बाईंनी मात्र बाराही भाग पुरे केले.

‘बेन-हर’चा लेखक जनरल ल्यू वॉलेस याने दुसरा मार्ग धरला. कादंबरी १८८० साली निघाली. लिहिली तेव्हा त्याने पॅलेस्टाईन पाहिलेही नव्हते, नकाशे आणि ग्रंथ यांच्यावरच भिस्त. येशूच्या तोंडी शुभवर्तमानांबाहेरचा शब्द घालायचा नाही, असा त्याने नेम केला होता. म्हणून सगळा धुमाकूळ यहुदाचा: छपराचे कौल सुभेदारावर पडणे, गलबतावरची वल्ही, रथांची शर्यत. येशू येतो तो नासरेथच्या विहिरीपाशी बेड्या घातलेल्या पोराला पाणी पाजण्यापुरता, आणि मग फार उशिरा. १८९९ च्या नाटकात त्याच्या जागी प्रकाशाचा झोत दाखवीत, १९५९ च्या चित्रपटात तो पाठमोरा दिसतो. या दोहोंपैकी आम्हांस वॉलेसचा संयम अधिक रुचतो. पण सेयर्सबाईंचे धाडस नसते तर शिष्य हे हाडामांसाचे कोळी होते, हे पुष्कळांच्या ध्यानातच आले नसते.

या कादंबऱ्यांचे एक दुखणेही सांगून ठेवतो. त्यांतल्या पुष्कळांत यहुदी लोक म्हणजे एकजात खलपुरुष होऊन बसतात. विसाव्या शतकात युरोपात जे घडले ते पाहिल्यावर असे चित्रण निष्काळजीपणाने वाचता येत नाही. वॉलेसचा नायक यहुदी आहे आणि आपल्या यहुदीपणाचा त्याला अभिमान आहे, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट.

ज्यांना धर्मोपदेश नको असेल त्यांनी पेर लागरक्विस्ट या स्वीडिश लेखकाची १९५० सालची ‘बरब्बा’ ही छोटी कादंबरी घ्यावी. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. येशूच्या जागी जो सुटला तो बरब्बा. सुटून गेल्यावर त्याने काय केले, याविषयी शुभवर्तमाने गप्प आहेत. लागरक्विस्टचा बरब्बा आयुष्यभर विश्वास ठेवू पाहतो आणि त्याला ठेवता येत नाही. उलट दिशेने जायचे असेल तर अनिता डायमंट या लेखिकेची १९९७ सालची ‘द रेड टेंट’ आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची लेक दीना हिच्यावरून भाऊ एका नगरातील सारे पुरुष कापून काढतात, पण त्या साऱ्या अध्यायात दीना एक शब्दही बोलत नाही. डायमंटबाईंनी सगळी कादंबरी तिच्या तोंडून सांगितली आहे.

वेळ झाली, अशी अध्यक्षांची खूण आम्ही पाहिली. तेव्हा ज्यांना आज रात्रीच वाचून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच: रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे, मराठी बायबलात सहज सापडते, आणि ते वाचायला अर्धा तासही लागत नाही. त्यानंतर मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढा. पिलात न्यायासनावर बसलेला असताना त्याची बायको निरोप पाठवते की, त्या नीतिमान माणसाच्या वाटेस जाऊ नका, त्याच्यापायी मला स्वप्नात फार यातना झाल्या. तिचे नाव मत्तयाने दिलेले नाही, आणि स्वप्नात तिने काय पाहिले तेही लिहिलेले नाही.