हाताची किंमत आणि राज्याची सीमा



एका इंग्रजी ग्रंथाचा मराठी अनुवाद करण्याच्या निमित्ताने मला अमेरिकेतील कामगारविषयक कायद्यांचे बरेच वाचन करावे लागले. त्या वाचनातून एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला आणि तोच आज आपल्यापुढे मांडावा असे ठरविले आहे. कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर त्याला मिळणारी नुकसानभरपाई अमेरिकेत राज्याराज्यांत इतकी निराळी का असते आणि या निराळेपणाचा अर्थ काय, हा तो प्रश्न.

आरंभी आपण एका नदीकाठी जाऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागात चॅटाहूची नावाची नदी आहे. तिच्या पूर्वेच्या काठावर जॉर्जिया राज्यातील कोलंबस हे शहर आहे, तर पश्चिमेच्या काठावर अलाबामा राज्यातील फिनिक्स सिटी. दोन्ही गावे पुलांनी जोडलेली आहेत. आता अशी कल्पना करा की, आठवड्याला १,२०० डॉलर मिळविणाऱ्या एका कामगाराचा हात यंत्रात सापडून कायमचा गेला. दोन्ही राज्यांच्या कायद्यांत कोणत्या अवयवासाठी किती आठवडे भरपाई द्यावयाची याचे कोष्टक आहे. हातासाठी जॉर्जियात २२५ आठवडे, अलाबामात २२२. भरपाईचा दरही दोन्हीकडे वेतनाच्या दोनतृतीयांश. येथवर फरक केवळ तीन आठवड्यांचा आहे.

परंतु प्रत्येक राज्य साप्ताहिक रकमेवर एक कमाल मर्यादा घालते आणि खरी मेख तेथे आहे. जॉर्जियात ही मर्यादा जुलै २०२३ पासून ८०० डॉलर झाली. अलाबामात मात्र अशा कायमच्या अंशतः अक्षमतेसाठी आठवड्याला २२० डॉलर ही मर्यादा १९८० च्या दशकात ठरली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती तशीच राहिली. हिशेब सरळ आहे. पूर्वेच्या काठावर त्या हाताबद्दल १,८०,००० डॉलर, पश्चिमेच्या काठावर ४८,८४० डॉलर. उपचारांचा खर्च वेगळा, हे खरे. पण हात तोच, यंत्र तेच, घरी खाणारी तोंडेही तितकीच. बदलला तो फक्त नदीचा काठ.

ही स्थिती कशी आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकात जखमी कामगाराला भरपाई हवी असेल तर मालकावर दावा लावण्याखेरीज मार्ग नव्हता आणि मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर होते. शिवाय मालकाच्या हाती तीन ढाली होत्या. कामगाराचा स्वतःचा थोडासाही निष्काळजीपणा असेल तर दावा संपला. काम धोक्याचे आहे हे ठाऊक असूनही त्याने ते पत्करले असेल तरी दावा संपला. आणि अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही.

ही तिसरी ढाल घडविली ती मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ मध्ये. फारवेल नावाचा एक रेल्वे इंजिनचालक होता. सांधेवाल्याच्या चुकीमुळे गाडी रुळावरून घसरली आणि त्याचा उजवा हात चिरडला गेला. मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी त्याचा दावा फेटाळला. धोक्याच्या कामाला वेतन जास्त मिळते, तेव्हा धोक्याचा मोबदला त्या वेतनातच आला, असा त्यांचा युक्तिवाद होता. फारवेलचे वेतन दिवसाला दोन डॉलर होते.

या न्यायाची फळे काय होती हे क्रिस्टल ईस्टमन या विदुषीने दाखवून दिले. पिट्सबर्ग शहर ज्या ॲलिगेनी परगण्यात आहे, तेथे जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात कामावर झालेल्या ५२६ मृत्यूंची तिने घरोघर जाऊन चौकशी केली. मृत विवाहित कामगारांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकाकडून १०० डॉलर किंवा त्याहूनही कमी रक्कम मिळाली होती. कित्येकांना काहीच नाही. तिचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

जर्मनीने १८८४ मध्ये आणि ब्रिटनने १८९७ मध्ये निराळा मार्ग धरला होता. चूक कोणाची हे विचारायचेच नाही. इजा कामामुळे झाली एवढे पुरे. अमेरिकेतील राज्यांनीही त्याच दिशेने पावले टाकली, पण न्यायालये आडवी आली. न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये केलेला कायदा तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी रद्द केला. चूक नसताना मालकाला पैसे द्यावयास लावणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावून घेणे होय, असे न्यायालयाचे मत पडले. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल कंपनीच्या शिलाई कारखान्याला आग लागली आणि १४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. पुढे १९१४ मध्ये काही कुटुंबांच्या दाव्यांत तडजोड झाली, ती एका जिवामागे सुमारे ७५ डॉलरवर. न्यूयॉर्कने १९१३ मध्ये आपली राज्यघटना दुरुस्त करून नवा कायदा केला. तत्पूर्वी १९११ मध्येच विस्कॉन्सिनने टिकाऊ ठरलेला पहिला कायदा अमलात आणला होता. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना मान्यता दिली आणि मग राज्यामागून राज्य या वाटेने गेले. तेव्हाच्या अठ्ठेचाळीस राज्यांत शेवटचे मिसिसिपी. त्याने कायदा केला तो १९४८ मध्ये. विस्कॉन्सिनचा कामगार आणि मिसिसिपीचा कामगार यांच्यात अशा रीतीने सदतीस वर्षांचे अंतर पडले.

या कायद्यांच्या मुळाशी असलेल्या तडजोडीला इंग्रजी लेखक सौदा म्हणतात. अनुवाद करताना हा शब्द ठेवावा की नाही याबद्दल मी पुष्कळ घुटमळले. करार, समझोता असे शब्द योजून पाहिले. शेवटी सौदा हाच शब्द ठेवला, कारण वस्तुस्थिती तीच आहे. कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडला. त्याच्या बदली त्याला चूक सिद्ध न करता, थोडी पण खात्रीची भरपाई मिळावयाची. या सौद्यातील कामगाराची बाजू, म्हणजे त्याने जे दिले ते, जवळजवळ सर्व राज्यांत सारखेच आहे. त्याला जे मिळाले ते मात्र राज्यागणिक बदलते. माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे.

आता हे बदल कोणते ते थोडक्यात पाहू.

पहिला प्रश्न, कायदा लागू कोणाला? अलाबामा व मिसिसिपीत ज्या मालकाकडे पाचांहून कमी माणसे आहेत त्याला सक्ती नाही. जॉर्जियात तिघांहून कमी असतील तर नाही. कॅलिफोर्नियात शेतमजुराला इतर कामगारांसारखेच संरक्षण आहे. अनेक राज्यांत ते अपुरे आहे किंवा मुळीच नाही. न्यू मेक्सिकोत शेतमजूर व गुरांच्या कुरणांवरील मजूर यांना कायद्याबाहेर ठेवले होते, ते तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरविले. टेक्सासची तऱ्हा तर सर्वांहून निराळी. तेथे खाजगी मालकाने या योजनेत यावे की न यावे हे त्याच्या मर्जीवर आहे. जो येत नाही त्याच्यावर कामगार दावा लावू शकतो आणि मघाशी सांगितलेल्या तीन जुन्या ढाली त्या मालकाला वापरता येत नाहीत. मात्र मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावरच राहते.

दुसरा प्रश्न, पैसा कोठून यावयाचा? बहुतेक राज्यांत मालक खाजगी कंपनीकडून विमा उतरवितात. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत मात्र खाजगी विमा कंपन्यांना या क्षेत्रात वाव नाही; हा विमा राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो.

तिसरा, उपचार कोणत्या डॉक्टरकडून? प्रश्न किरकोळ वाटतो, पण कामगार कामावर केव्हा परतू शकेल आणि त्याची अक्षमता किती, हे बहुधा डॉक्टरच्या दाखल्यावर ठरते. न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त डॉक्टरांतून कामगार सामान्यतः स्वतः निवड करतो. जॉर्जियात मालक निदान सहा डॉक्टरांची यादी लावून ठेवू शकतो व कामगाराने त्यांतून निवडावे. अलाबामात पहिली निवड मालकाची.

चौथा, वाट किती दिवस पाहावयाची? कॅलिफोर्नियात पहिले तीन दिवस वेतनभरपाई मिळत नाही, न्यूयॉर्कमध्ये सात दिवस. दोन्हीकडे अक्षमता चौदा दिवसांहून लांबली तर ते दिवसही मागाहून भरून मिळतात. महिनाअखेर ज्याच्या गाठीस काही उरत नाही, त्याला या चार दिवसांचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, किती आणि किती काळ? आयोवात करादी कपाती वजा जाता उरणाऱ्या वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळते आणि तिची कमाल मर्यादा राज्याच्या सरासरी साप्ताहिक वेतनाच्या दुप्पट आहे. मिसिसिपीत कमाल मर्यादा त्या राज्याच्या सरासरी वेतनाच्या दोनतृतीयांश. पूर्ण आणि कायमची अक्षमता आली तर आयोवात ती असेपर्यंत भरपाई चालू राहते. मिसिसिपीत ४५० आठवड्यांनंतर ती थांबते. ४५० आठवडे म्हणजे नऊ वर्षेही नव्हेत. तिसाव्या वर्षी दोन्ही डोळे गमावलेल्या माणसाची भरपाई चाळिशीपूर्वीच संपते. त्याचे अंधत्व संपत नाही.

एकाच राज्यातही सर्वांना एकच कायदा लागू असतो असे नाही. आंतरराज्य रेल्वेचे कामगार १९०८ च्या संघराज्यीय कायद्याखाली येतात आणि त्यांना आजही रेल्वेची चूक दाखवावी लागते. गोदी कामगारांसाठी १९२७ चा निराळा कायदा आहे. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हाही हे निराळेपण दिसून आले. कॅलिफोर्निया, इलिनॉय यांसारख्या काही राज्यांनी ठराविक कामगारांच्या बाबतीत रोग कामावरच जडला असे गृहीत धरले. इतर अनेक राज्यांत ते सिद्ध करण्याचा भार कामगारावर राहिला.

कोणी म्हणेल, राज्ये स्वायत्त आहेत, त्यांचे राहणीमान निराळे, तेव्हा कायदेही निराळे असणारच. या म्हणण्यात तथ्य आहे. विस्कॉन्सिनने मिसिसिपीची वाट पाहिली असती तर तेथील कामगार सदतीस वर्षे रिकाम्या हाताने बसला असता. एका राज्याने प्रयोग करावा आणि इतरांनी त्यापासून शिकावे, हा संघराज्याचा मोठा गुण आहे. परंतु त्याच गुणाच्या पोटी एक दोषही आहे. भरपाई वाढविली तर विम्याचा हप्ता वाढेल आणि कारखाने शेजारच्या राज्यात जातील, ही भीती प्रत्येक विधिमंडळाला असते. मग स्पर्धा चांगल्या कायद्याची न राहता स्वस्त कायद्याची होऊ लागते.

ही गोष्ट अमेरिकेच्या ध्यानात आली नाही असे नाही. १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्यान्वये एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. अर्थतज्ज्ञ जॉन बर्टन त्याचे अध्यक्ष होते. १९७२ च्या आपल्या अहवालात आयोगाने एकमताने असा निष्कर्ष काढला की, राज्यांचे कायदे सर्वसाधारणपणे पुरेसेही नाहीत आणि न्याय्यही नाहीत. त्याने ८४ शिफारशी केल्या आणि त्यांपैकी १९ अत्यावश्यक ठरविल्या. राज्यांनी १९७५ पर्यंत त्या अमलात आणल्या नाहीत तर काँग्रेसने किमान मानके सक्तीची करावीत, असेही सुचविले. पुढची काही वर्षे राज्यांनी भराभर सुधारणा केल्या. सक्तीचा कायदा मात्र झाला नाही, आणि ती टांगती तलवार दूर झाल्यावर सुधारणांचा वेग मंदावला. १९९० च्या सुमारास तर अनेक राज्यांत पावले उलटी पडू लागली. शिफारशींपैकी कोणत्या राज्याने किती पाळल्या याची मोजदाद संघराज्याचे श्रमखाते करीत असे. २००४ नंतर तीही थांबली.

आपल्या देशापुरते एवढेच सांगते. आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तो ब्रिटिश कायद्याच्या वळणावर गेला आणि अवयवहानीचे एकच परिशिष्ट घेऊन आला. खांद्यापासून हात गेला तर उपार्जनक्षमतेची हानी ९० टक्के धरावी, असे त्यात म्हटले आहे. पुढे या कायद्याच्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. कोष्टक एक असले म्हणजे ते प्रत्येकापर्यंत पोहोचते असे मात्र नव्हे. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याला एकच कायदा असून नसल्यासारखा. पण हाताची किंमत नदीच्या काठावर ठरू नये, हे तत्त्व तरी आपण आरंभापासून मानले आहे.

माझ्या अनुवादात मी त्या कोष्टकांतील आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत. अंगठा इतके आठवडे, डोळा इतके, पाऊल इतके. हे आकडे वाचताना कंटाळा येईल. तरीही वाचकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे. प्रत्येक आकडा कोठल्या तरी विधिमंडळात मतांनी ठरलेला आहे आणि म्हणून तो मतांनी बदलताही येतो.