अडलेल्या बाळंतिणीची भूल

इ. स. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ शिरपामाळावर पडला आणि तिथे राजे विक्रमशहा त्यांना भेटले, ही हकीकत इकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मला आज त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका वाटेविषयी बोलायचे आहे. पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून सडकेपर्यंत आणायचे, तिथून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचे, आणि तिथे निभावले नाही तर घाट चढून नाशिक गाठायचे, अशी ती वाट. वाटेच्या शेवटी पोट उघडून मूल काढायचे ठरते. पण सुरी चालण्याआधी भूल द्यावी लागते, आणि कोणती द्यायची हे भूलतज्ज्ञाला दोन-चार मिनिटांत ठरवावे लागते.

तुम्ही म्हणाल, भूल ती भूल, त्यात निवड कसली? तर ऐका.

वेळ असेल तर आज बहुधा कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करतात. आई जागी राहते, मुलाचे पहिले रडणे ऐकते. ही रीत सर्वांत बरी. पण रक्त फार गेले असेल किंवा क्षणाचाही अवकाश नसेल, तर तिला पुरते झोपवावे लागते. धोका इथेच आहे. गरोदरपणी जठराचे तोंड सैल पडते, कळा सुरू झाल्या की अन्न पोटातच रेंगाळते. झोपेत ते उलटून फुफ्फुसात शिरले तर जीवावर बेतते. अमेरिकेत मेंडेल्सन या डॉक्टराने १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणे तपासली, त्यांत ६६ जणींच्या बाबतीत असे झालेले आढळले. म्हणून आधी प्राणवायू भरपूर हुंगवायचा, झटपट झोप आणायची, स्नायू ढिले करणारे औषध लगेच द्यायचे आणि मिनिटभरात श्वासनलिकेत नळी बसवायची. नळीचा फुगा फुगला म्हणजे ती वाट बंद झाली.

आता झोपेच्या औषधाची गोष्ट. थायोपेंटोन १९३४ पासून वापरात आले आणि पुढे कित्येक दशके सीझरसाठी तेच चाले. ती पिवळसर भुकटी पाण्यात कालवावी लागते. गडबडीत तिची अदलाबदल जीवाणुनाशक औषधाच्या पिचकारीशी झाल्याची उदाहरणे परदेशात नोंदलेली आहेत! नंतर प्रोपोफॉल आले, दुधासारखे पांढरे, तयार मिळणारे. पुष्कळ ठिकाणी आता तेच वापरतात. दोन्हीही झोप झटकन आणतात, पण दोन्हींनी रक्तदाब खाली येतो. धडधाकट बाईला ते सोसते. वार सुटून वाटभर रक्त गेलेल्या बाईला मात्र हाच उतार घातक ठरू शकतो. तिच्यासाठी केटामीन, म्हणजे १९६४ साली माणसांवर प्रथम वापरलेले औषध. ते सहसा रक्तदाब टिकवून धरते आणि दम्याच्या बाईलाही मानवते. रक्त फारच गेले असेल तर त्याचीही मात्रा जपूनच द्यावी लागते. उलट जिचा रक्तदाब आधीच चढलेला आहे, झटके येताहेत, तिला केटामीन शक्यतो टाळतात.

मात्रा कमी करावी तर आई आतून जागी राहण्याचे भय, जास्त करावी तर औषध वारेतून मुलाकडे जाऊन मूलही सुस्तावते. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पूर्ण भूल दिलेल्या सीझरमध्ये सुमारे ६७० जणींमागे एकीला मधेच जाग आल्याचे आढळले. म्हणजे हे काम किती नाजूक, पाहा.

मी काही डॉक्टर नव्हे. पण एक मला समजले आहे. औषधाची निवड टेबलाशी होत असली, तरी तिला लागणारी माहिती पाड्यावरच असते. रक्त कधीपासून जाते आहे, किती लुगडी भिजली, हातापायाला सूज होती का, झटके आले का, दमा आहे का, हे घरच्यांखेरीज कोण सांगणार? ‘जोर यावा म्हणून पेज पाजली’ हे डॉक्टर रागावतील म्हणून पुष्कळ सासवा लपवतात. लपवू नका. पोट भरलेले आहे असेच धरून तो काम करतो, तरी नक्की वेळ कळलेली बरी.

झोळीबरोबर जाणारा माणूस घाबरलेला असतो, वाटेत निम्मे विसरतो. तेव्हा गुरुजी, तुमच्याकडे कोणी धावत आले तर वहीचे एक पान फाडा आणि त्यावर लिहून द्या: शेवटची पेज किती वाजता, रक्त केव्हापासून, झटके किती, दमा आहे की नाही. चिठ्ठी बाईच्या तपासणीच्या कार्डाला टाचा आणि ती झोळीत तिच्या उशाशीच ठेवा.